बारदान वजा जाता

सोमवारी सकाळी आठ पंचवीसला जुन्या ३८६ कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडा उमटला: सदतीस तास पंधरा मिनिटं. प्रोग्रॅम मी सुरू केला होता शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मधल्या तिन्ही रात्री मी त्याच खोलीत, त्याच पंख्याची घरघर ऐकत झोपलो होतो. बोटांवर मोजलं तरी एकसष्ट तास होतात. डॉसला तारीख विचारली, तर त्यानं रविवारची सांगितली. बाहेर पावसात अजिंक्यतारा दिसत नव्हता, रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या आणि माझ्या टेबलावर अजून रविवार होता. एक अख्खा दिवस कुठंतरी गळाला होता.

साताऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत गेली काही वर्षं मी जुनी कॉम्प्युटर यंत्रं दुरुस्त करून ठेवतो. हे ३८६ एसएक्स पोवई नाक्याजवळच्या बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आणलं. पंचवीस मेगाहर्ट्झचं, कोप्रोसेसर नसलेलं. बोर्डावरची बॅटरी गळून भोवतीचं तांबं हिरवं पडलं होतं. व्हिनेगरचे बोळे फिरवून ते साफ केलं, दोन तुटलेल्या रेषा बारीक तारेनं जोडल्या, तेव्हा यंत्र बोलायला लागलं. त्याच्यावर मला एकच चित्र काढायचं होतं. ते चित्र मी पहिल्यांदा १९९५ साली सांगलीत काढलं होतं.

चित्र एका मोठ्या गोळ्याचं. त्याच्या अंगावर नऊ लहान गोळे, प्रत्येकाची त्रिज्या आधीच्याच्या एक तृतीयांश. त्या प्रत्येकावर पुन्हा नऊ, त्यांच्यावर पुन्हा नऊ. चार पायऱ्या खाली उतरलं की एकूण ७,३८१ गोळे होतात. सगळे चकचकीत, एकमेकांची प्रतिबिंबं दाखवणारे, खाली सपाट जमीन आणि वर तीन दिवे. हे रचणारा प्रोग्रॅम दोन-चार पानांत मावतो. तो चालवला की गोळ्यांची यादी मिळते, एका ओळीत एक गोळा. पहिला मध्यभागी, अर्ध्या एककाच्या त्रिज्येचा. त्यानंतरची ओळ मला आजही पाठ आहे: एस ०.२७२१६६ ०.२७२१६६ ०.५४४३३१ ०.१६६६६७. पहिले तीन आकडे गोळ्याची जागा सांगतात, चौथा त्रिज्या. एस म्हणजे स्फिअर. अशा सात हजार ओळींची फाईल तीनशे केबीच्या आसपास भरते, एका फ्लॉपीत आरामात बसते.

हे दृश्य ज्या संचातलं, तो रे ट्रेसिंगच्या चाचण्यांसाठी एरिक हेन्स यांनी केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी ते काम करत. रे ट्रेसिंगमध्ये डोळ्यापासून प्रत्येक ठिपक्यातून एक किरण मागं सोडायचा, तो कशाला लागतो ते शोधायचं, तिथून दिव्यांकडे आणि प्रतिबिंबाच्या दिशेनं पुन्हा किरण सोडायचे. टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या गाजलेल्या लेखातल्या एका चित्राला व्हॅक्स ११/७८० वर ७४ मिनिटं लागली होती. पुढं जो तो आपली नवी युक्ती किती वेगवान हे सांगू लागला, पण प्रत्येकाचं चित्र वेगळं. मग कुणाचा आकडा कुणाशी लावायचा? १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये हेन्स यांनी ‘आयईईई कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड ॲप्लिकेशन्स’मध्ये लेख लिहून ठरीव दृश्यं सुचवली: गोळे, दातेरी चाकं, डोंगर, कड्या, झाड, चतुष्फलक. प्रत्येक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं. आणि दृश्याच्या अवजड फायली वाटण्याऐवजी ती निर्माण करणारे छोटे प्रोग्रॅमच वाटले. कृती एकच, म्हणून इथाकात निघालेले गोळे आणि सांगलीत निघालेले गोळे दशांश चिन्हानंतरच्या घरांपर्यंत तेच.

माझ्यासाठी हे फार मोठं होतं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. हळदीची पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्यानं पुकारायचं, शेतकऱ्यालाही ऐकू जावं आणि अडत्यालाही. पुकारण्याआधी काटा मोकळा करून शून्यावर आहे हे दोघांना दाखवायचं, हा त्यांचा नेम. वजनांवरचा सरकारी शिक्का नवा होई तेव्हा ते मला दाखवायचे. घरात त्यांच्या कपड्यांना हळदीचा वास आणि बोलण्यात काट्याचे शब्द. सगळ्यांसाठी एकच माप असावं, ही गोष्ट मला कुणी वेगळी शिकवावी लागली नाही.

हेन्स यांच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पुण्यात नोकरीला लागलेल्या एका सीनियरनं आणून दिली. घरी कॉम्प्युटर नव्हता, कॉलेजची लॅब सहाला बंद व्हायची. गणपती पेठेत ओळखीच्या एका काकांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नसराईत पत्रिका, एरवी निवडणुकांची पत्रकं आणि सोसायट्यांचे अहवाल. त्यांच्याकडे ६६ मेगाहर्ट्झचं ४८६. शनिवारी रात्री दुकान मिटल्यावर सोमवारी सकाळपर्यंत ते यंत्र माझं, या बोलीवर मी आठवडाभर त्यांची प्रुफं तपासायचो.

किरण सोडणारा प्रोग्रॅम मी स्वतः टर्बो सीमध्ये लिहिला होता. तिथं पहिली अडचण चौसष्ट केबीची. एका तक्त्यात त्यापेक्षा जास्त माल मावत नाही, आणि एका गोळ्याला बत्तीस बाइट. ७,३८१ गोळे एका पोत्यात बसेनात. मग चार तक्ते केले आणि कुठला गोळा कुठल्या तक्त्यात, याचा हिशेब ठेवला. युक्ती कसलीच नव्हती. प्रत्येक किरण प्रत्येक गोळ्याला लावून बघायचा. नुसत्या पहिल्या किरणांच्याच तपासण्या एकशे नव्वद कोटींच्या वर जातात.

पहिल्या शनिवारी पहाटे चारला लाईट गेली आणि सगळं पुसलं गेलं. काळोखात, गरम दुकानात, शाईच्या वासात मी बसून राहिलो. दुसऱ्या शनिवारी प्रत्येक ओळ पुरी झाली की ती डिस्कवर लिहायची सोय केली, म्हणजे खंड पडला तर तिथून पुढं चालू करता येईल. पण त्या रात्री लाईट गेलीच नाही. रात्री नऊला लावलेलं चित्र रविवारी दुपारी दोन चाळीसला संपलं. सतरा तास चाळीस मिनिटं. वरून एकेक ओळ उतरताना पहाटे मोठ्या गोळ्याच्या अंगावर लहान गोळ्यांची प्रतिबिंबं दिसायला लागली. त्या प्रतिबिंबांत आणखी लहान गोळे होते, आणि ते मी कुठंच काढलेले नव्हते. गणितानं काढले होते. अकराच्या सुमाराला अण्णा डबा घेऊन आले, तेव्हा जमिनीवरच्या सावल्या उतरत होत्या. खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

कॉलेजच्या ग्रंथालयात अँड्र्यू ग्लासनर यांनी संपादलेलं १९८९ चं रे ट्रेसिंगचं पुस्तक होतं. त्यातून पेट्यांची पद्धत शिकलो. जवळजवळच्या गोळ्यांभोवती एक अदृश्य पेटी, अशा काही पेट्यांभोवती आणखी मोठी पेटी. किरण बाहेरच्या पेटीलाच लागला नाही तर आतलं काही तपासायचं नाही. महिन्याभरानं तेच चित्र, त्याच यंत्रावर, एक तास बारा मिनिटांत आलं. पळत घरी जाऊन सांगितलं.

“ह्यो आकडा कशाचा?” अण्णांनी विचारलं.

“चित्र काढायला लागलेल्या वेळेचा.”

“निस्त्या चित्राचा? का आधीची तयारी बी ह्यातच धरलीया?”

धरली होती. फ्लॉपीवरची फाईल वाचणं, पेट्या रचणं, सगळं त्यात होतं.

“मग बारदान वजा कर की. पोत्यासकट हळद कोन मोजतं?”

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. पुढच्या शनिवारी दोन्ही वेळा वेगळ्या घेतल्या: तयारी नऊ मिनिटं, निव्वळ चित्र एक तास तीन मिनिटं. हेन्स यांच्या तक्त्यातही तयारीचा वेळ आणि किरणांचा वेळ असे वेगळे रकाने आहेत, हे मला नंतर कळलं. अण्णांनी त्यांची एक कोरी आडवी वही दिली. तीत तारीख, यंत्र, एकूण, बारदान, निव्वळ असे रकाने आखून मी पहिली नोंद केली. नोकरीसाठी साताऱ्याला आलो तेव्हा पिशवीत ती वही होती. पेठ नाक्याला एसटी हायवेला लागेपर्यंत मी ती मांडीवर धरून होतो.

त्याच वहीत आता ३८६ ची नोंद करायची होती. कोप्रोसेसर नसल्यामुळं दशांशाचा प्रत्येक गुणाकार हे यंत्र साध्या पूर्णांकांच्या शेकडो पायऱ्या चढून करतं. चाचणीसाठी आधी ९१ गोळ्यांचं लहान दृश्य आठवडाभर चालवलं. वेळ अपेक्षेपेक्षा दुप्पट येत होता. डब्याच्या पुढच्या बाजूला यंत्राचा वेग बदलणारं टर्बोचं बटण असतं, ते बाहेर आलेलं होतं आणि त्याचा दिवा जळालेला होता. आठवड्याच्या सगळ्या नोंदींवर काट मारली, बटण आत दाबलं, दिवा बदलला.

मग मोठं दृश्य. बारदान अगदीच नको, म्हणून ओळी डिस्कवर लिहिणंही काढून टाकलं. ठिपका काढायचा आणि पुढं जायचं. दिवस गळाला तो याच कारणानं, हे त्या सोमवारी दुपारपर्यंत विचार केल्यावर लक्षात आलं. अशा यंत्राचं घड्याळ सेकंदाला १८.२ टिचक्या मोजतं. मध्यरात्री मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि एक खूण केली जाते. डॉसला कुणी वेळ विचारली की ते ही खूण बघतं, तारीख एकानं वाढवतं आणि खूण पुसतं. खूण एकच. शुक्रवारची मध्यरात्र धरली गेली, कारण तयारी संपल्यावर पहाटे दीडला माझ्या प्रोग्रॅमनं वेळ विचारली होती. त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत कुणी काही विचारलंच नाही. शनिवार आणि रविवार, दोन मध्यरात्री लोटल्या, खूण एकदाचीच राहिली.

पुढच्या शुक्रवारी प्रत्येक ओळीनंतर फक्त वेळ विचारायची, एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. ५१२ वेळा घड्याळ बघायला यंत्राला काहीच लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची वेळही मी कागदावर टिपून ठेवली. पुण्यात शिकणारी मुलगी शनिवारी घरी आली होती. तिच्या लॅपटॉपवर हेच दृश्य सेकंदभरात येतं, ते तिनं काढून दाखवलं आणि मग माझ्या पडद्यापाशी बसली. “बाबा, ही ओळ किती वेळानं पुरी होईल?” सात मिनिटांनी, म्हटलं. ती पुरी होईपर्यंत थांबली, मग पुढच्या ओळीलाही थांबली.

एकूण ६१ तास १४ मिनिटं. बारदान ६ तास २० मिनिटं. निव्वळ ५४ तास ५४ मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळलं.

सांगलीचं ते ४८६ आता नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं, तेव्हा काकांच्या दुकानात ते खालच्या फळीवर होतं. गाळ धुऊन बघितला, पण बोर्ड उठला नाही. माझ्याकडे दुसरं ४८६ आहे, त्याच वेगाचं, पण त्याची कॅश मेमरी वेगळ्या आकाराची. त्याचा आकडा मी १९९५ च्या ओळीखाली लिहीत नाही. पान उलटून वेगळा रकाना आखला आहे, वर यंत्राचं नाव, त्याखाली कॅशचा आकार, आणि मग अण्णांनी शिकवलेले तीन शब्द: एकूण, बारदान, निव्वळ.