कार्डावरचा ‘ओ’

पिंपळे गुरव

चि. गौरी,


तुझ्या मैत्रिणीच्या घरात रक्तगटावरून काय चाललंय ते कळलं. वडील ‘एबी’, मुलगी ‘ओ’, आणि बारावीच्या हिशेबाने असं मूल होतच नाही. मग आजीने सुनेकडे रोखून पाहिलं. नवल नाही, आपल्याकडे हिशेब जुळला नाही की तूट आईच्या नावावर मांडतात.

बारावीचा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. त्वचेची पेशी विभागते तेव्हा दोन्ही नव्या पेशींना सगळी ४६ मिळतात. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना मात्र जोड्या फुटतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला २३ येतात. एबीओचं जनुक नवव्या जोडीवर. ‘एबी’ बापाकडे एक ‘ए’, एक ‘बी’. त्यातलं एक मुलीला मिळणारच. इथवर पुस्तक बरोबर.

पुढची गोष्ट मुंबईची. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिघांच्या रक्ताची हकिगत छापली. तांबड्या पेशी तपासल्या तर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, म्हणजे सरळ ‘ओ’. पण त्यांच्या रक्तातला द्रव ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता! ज्याला कुणाचंही ‘ओ’ चालायला हवं, त्याला तेच चालेना. या गटाला जगभर नाव पडलं ‘बॉम्बे’.

कारण एकोणिसाव्या जोडीवर आहे. तिथलं एक जनुक तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाची साखर बसवतं, आणि ‘ए’ किंवा ‘बी’ची साखर त्या ‘एच’वर चढते. ‘ओ’ माणसाकडे ‘एच’ असतो, त्यावर पुढचं काही चढलेलं नसतं. बॉम्बे गटात मुळात ‘एच’च नाही. खुंटीच नसेल तर सदरा टांगणार कुठे? अशा मुलीला बापाचं ‘ए’ जनुक मिळालेलं असूनही ते पेशीवर दिसत नाही, आणि तिच्याकडून ते पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होऊ शकतं.

हे व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही ‘एच’चं निकामी जनुक यावं लागतं. दोघांकडे एकेक चांगलं असल्यामुळे दोघांचे रक्तगट नेहमीसारखेच दिसतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक शक्यता. नात्यात लग्न असेल, मामाची मुलगी केली असेल, तर एकाच पूर्वजाचं निकामी जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा मानतात, युरोपात दहा लाखांत एकाचा.

तेव्हा ‘ओ’ दिसला म्हणून आईवर संशय घेणं हे अडाणीपण आहे, मग घेणारा कितीही शिकलेला असो. मुलगी बॉम्बे गटाचीच आहे, असं मी म्हणत नाही. रक्तगट तपासणीच्या शिबिरातल्या घाईत कार्डावर चूकही होते.

तिच्या आईला सांग, आधी चांगल्या ब्लड बँकेत गट पुन्हा तपासा. नुसत्या पेशी पाहून भागत नाही. मुलीचा सीरम, म्हणजे रक्तातला द्रव, ‘ओ’ पेशींशी लावून बघा आणि ‘अँटी-एच’ची चाचणी मागा. बॉम्बे निघालाच, तर सख्ख्या भावाचीही तपासणी करा. या गटाला रक्त फक्त याच गटाचं चालतं, आणि अडीअडचणीला पहिला दाता घरातच मिळण्याची शक्यता असते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. असं अवघड रक्त तपासणं हे तिथलं जुनं काम. आजींना हे पत्र वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
आत्या