लाल डबा, पण एसटी नव्हे

आमच्या गॅलरीत सगळ्यात जास्त काय खपतं, असं कुणी विचारलं की मी आधी जरा इकडचं तिकडचं बोलते. मातीची भांडी दाखवते, एका बाईंच्या लिनोकटबद्दल सांगते. मग शेवटी खरं काय ते सांगावं लागतं. टेलिफोनच्या लाल डब्याचं पोस्टकार्ड! चित्रकाराने महिनाभर खपून केलेला धुक्यातला डोंगर भिंतीवर वर्ष वर्ष लटकत राहतो आणि हे कार्ड मात्र मला दर दोन महिन्यांनी पुन्हा छापून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे खराखुरा डबा आमच्या दारापासून पन्नास पावलांवर उभा आहे. फुकट. लोक त्याच्यासमोरून येतात, आत येऊन त्याचं चित्र विकत घेतात, आणि पुन्हा त्याच्याकडे न बघता गाडीत बसून निघून जातात.

(सांगलीकर मंडळींसाठी खुलासा: लाल डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एसटी आली असेल. ती नव्हे.)

आमची गॅलरी म्हणजे फार काही भव्य समजू नका. डर्बीशरमधलं एक खेडं, त्यात पूर्वी खाटकाचं दुकान असलेली एक खोली. छताला अजून ते आकडे आहेत, त्यांवर आता आम्ही दिवे टांगलेत. इथली माणसं चित्राकडे बराच वेळ बघून 'इंटरेस्टिंग' म्हणाली, की समजायचं घेणार नाहीत. काहीच न बोलता दोनदा किंमत वाचली तर आशा आहे. एवढं कळायला मला चार वर्षं लागली.

तर त्या पोस्टकार्डामुळे मी या डब्याच्या नादी लागले, आणि लागले ती लागलेच.

आता हा डबा बनवणारा माणूस बघा. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९०३ मध्ये, लिव्हरपूलच्या प्रचंड कॅथीड्रलची स्पर्धा जिंकलेला आर्किटेक्ट. ते कॅथीड्रल पुरं व्हायला १९७८ उजाडलं, तोवर बिचाऱ्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती. अशा माणसाला १९२४ मध्ये टेलिफोनसाठी खोका काढायच्या स्पर्धेत बोलावलं, आणि त्याने तो खोकासुद्धा कॅथीड्रलइतक्याच गांभीर्याने काढला! १९२६ पासून लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागला तो हा 'के टू'. पण तो फार मोठा आणि महाग पडायचा, म्हणून लंडनबाहेर तो क्वचितच गेला. मग १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्ताने, स्कॉटने त्याचीच लहान आवृत्ती केली. ती 'के सिक्स'. गावोगावी जो उभा राहिला तो हाच, साठ हजारांच्या वर. आमच्या दारचाही तोच.

के टूचा लाकडी नमुना आजही लंडनला आहे. पिकॅडिलीवरून रॉयल अकॅडमीत शिरताना कमानीखालीच उभा असतो. मी गेले होते तेव्हा आत कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनाला रांग लागली होती. कमानीतून शेकडो लोक जात होते, पण थांबून त्या लाकडाला हात लावून बघणारी मी एकटीच. गॅलरीवाल्यांना अशा वेळी जरा वाईट वाटतं आणि जरा बरंही वाटतं.

नीट बघितलंत तर या डब्याचं खरं सौंदर्य छपरात आहे. चारी बाजूंना हलकी कमान आणि मधे बसका घुमट. हे छप्पर स्कॉटला कुठून सुचलं? एका थडग्यावरून, असं मानतात. सर जॉन सोन हा त्याच्या शंभर वर्षं आधीचा आर्किटेक्ट. त्याची बायको १८१५ मध्ये गेली, तिच्यासाठी त्याने सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात जे स्मारक बांधलं त्याला अस्संच छप्पर आहे. स्कॉट तेव्हा सोनच्या म्युझियमचा विश्वस्त होता, त्यामुळे ते त्याच्या डोळ्यांत भरलेलं असणारच. याच सोनने लंडनच्या दक्षिणेला डलिचची पिक्चर गॅलरी बांधली, १८१७ मध्ये उघडलेली. तिथे भिंतीत खिडक्या नाहीत, सगळा उजेड छतातून येतो, म्हणजे चित्रांवर थेट ऊनही पडत नाही आणि टांगायला अख्खी भिंत मोकळी मिळते. तेव्हापासून किती गॅलऱ्यांनी ती युक्ती उचलली असेल! आमच्याकडेही नवऱ्याने हट्टाने छताला काच बसवून घेतली. (गळते. तो वेगळा विषय.)

आणि आता मुंबईकरांसाठी. राजाबाई टॉवर आणि त्याशेजारचा विद्यापीठाचा कॉन्व्होकेशन हॉल कुणी रेखाटला? सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. म्हणजे आपल्या जाइल्सचे सख्खे आजोबा. आजोबांनी मुंबई कधी बघितलीच नाही, लंडनमध्ये बसून नकाशे पाठवले, आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला त्याच्या काही महिने आधी ते वारले. मी एम. ए.ला असताना त्या मनोऱ्याच्या सावलीत वडापाव खाल्लेले आहेत. तेव्हा कुणी सांगितलं असतं की याच घराण्यातल्या नातवाने केलेल्या डब्यात उभी राहून तू एक दिवस रडणार आहेस, तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे.

त्या रडण्याकडे येते. पण आधी रंगाचं सांगते, कारण त्यात खरे इंग्रज दिसतात.

स्कॉटच्या मनात डबा बाहेरून चंदेरी आणि आतून निळसर हिरवा होता. पोस्ट खात्याने तो लाल केला. तेव्हा लोकांना हा लाल रंग अजिबात आवडला नव्हता. आमच्या हिरव्यागार गावात हे काय भडक, म्हणून इतक्या तक्रारी झाल्या की काही निसर्गरम्य ठिकाणी डबे राखाडी रंगवावे लागले, नुसत्या काचांच्या पट्ट्या तेवढ्या लाल. आणि पुढे १९८० च्या दशकात हे डबे काढून साधे काचेचे बूथ बसवायला लागल्यावर? त्याच गावांनी डोक्याला हात लावला. आमचा लाल डबा नेऊ नका! इथे कुठलीही नवी गोष्ट आली की पन्नास वर्षं तिच्याविरुद्ध पत्रं लिहायची, आणि ती जायला निघाली की तिला वाचवायला समिती नेमायची. मला हा स्वभाव मनापासून आवडतो. आपल्याकडे पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ एवढे गल्लोगल्ली होते, गेले तेव्हा कुणी एक पाटीसुद्धा जपून ठेवली असेल का?

मात्र या प्रेमात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. आतला वास. ज्यांनी शहरातले हे डबे खरोखर वापरलेत त्यांना विचारा.

मी वापरलेत. १९९३ साली लेस्टरला आले तेव्हा भाड्याच्या घरातल्या फोनवर फक्त येणारे कॉल घेता यायचे. कोपऱ्यावर एक के सिक्स होता. सांगलीला आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या काकूंचा नंबर पी. पी. म्हणून दिलेला. हिवाळ्यात रविवारी दुपारी दीडला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सातला, मी फोन लावायची. काकू उचलायच्या, भिंतीपलीकडे हाक मारायच्या, मी ठेवून द्यायची आणि पाच मिनिटांनी परत लावायची. ती पाच मिनिटं आतच उभं राहायचं, कारण बाहेर आलं की दुसरं कुणीतरी शिरायचं. मग आई, मग बाबा. कार्डावरची युनिटं डोळ्यांसमोर झरझर उतरायची, त्यामुळे बाबा नेहमी एकच विचारायचे, "जेवलीस का?" आणि मी नेहमी हो म्हणायची.

१९९६ च्या जानेवारीत एका रविवारी काकूंनी हाक मारलीच नाही. त्याच बोलत राहिल्या. बाबांना पहाटे छातीत दुखायला लागलं, रिक्षात घातलं, दवाखाना येईपर्यंत संपलं होतं. मी समोरच्या काचांच्या पट्ट्या मोजत होते. उभ्या आठ ओळी, आडवे तीन, एका बाजूला चोवीस. अजून पाठ आहे. युनिटं संपली आणि फोन आपोआप बंद झाला. थडग्यावरून घेतलेलं छप्पर आपल्या डोक्यावर आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी काय फरक पडला असता म्हणा.

असो.

२००८ पासून इथे एक योजना आहे. वापरात नसलेला लाल डबा गावाला एका पौंडाला मिळतो. आतला फोन काढून नेतात, डबा तुमचा. सात हजारांहून जास्त डबे असे दत्तक गेलेत. कुठे त्यात वाचनालय केलंय, कुठे गावाची माहिती लावलीय. यॉर्कशरमधल्या सेटल गावात २००९ पासून अशा डब्यात चक्क चित्रांची गॅलरी आहे, एका वेळी एक माणूस मावेल अशी. (किंग्स्टनला तर डेव्हिड मॅक या शिल्पकाराने १९८९ मध्ये बारा डबे पत्त्यांसारखे एकमेकांवर कलंडवून ठेवलेत. ते बघून मी रस्त्यात एकटीच हसले होते.)

आमच्या गावाने पौंड भरला, तेव्हा पुढे काय करायचं यावर गावच्या हॉलमध्ये सभा झाली. चहा, बिस्किटं, इतिवृत्त, सगळं रीतसर. एक गट पुस्तकांच्या बाजूचा. दुसऱ्या गटाला गॅलरी हवी होती आणि ते सगळे अर्थातच आमच्याकडे बघत होते. तिसऱ्या गटाला डिफिब्रिलेटर हवा होता. हृदय बंद पडलं तर विजेचा झटका देऊन ते चालू करायचं यंत्र. ९९९ ला फोन केला की ते पेटीचा कोड सांगतात, आणि ते यंत्र पुढचं काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं, कुणीही वापरू शकतं. आमच्याकडे अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागतो, डोंगराळ भाग. एका आजोबांनी टोमॅटो लावायला सुचवलं. छान काचघर आहे, वाया का घालवायचं म्हणाले. तेही गंभीरपणे इतिवृत्तात लिहिलं गेलं.

नवरा गॅलरीच्या बाजूने होता. चांगलं बोललाही. दर महिन्याला एक चित्र, शाळेतली मुलं, वगैरे. मी उठले आणि यंत्राला मत दिलं. एवढंच म्हणाले, की चित्रं बघायला आमचं दुकान पन्नास पावलांवर आहे, आणि हा डबा घाईत असलेल्या माणसासाठी केला होता, तो तसाच राहू दे. बाबांचं सांगितलं नाही. इंग्रजी सभेत ते सांगायची गोष्ट नव्हती, आणि मला कुणाला गप्प बसवायचं नव्हतं. नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. त्याला माहीत होतं.

यंत्र आलं. पुस्तकवाल्यांना खाली एक फळी मिळाली. तिथे सध्या चार रहस्यकथा आणि मुळ्याच्या लागवडीवर एक पुस्तक आहे. टोमॅटोवाले आजोबा हेच आता रंगकामाचे प्रमुख. रंगाला नंबर आहे, ५३९, नाव करंट रेड, आणि दुसरा कुठलाही लाल त्यांना चालत नाही. सध्याचा वाद मुकुटांचा आहे. छपराखालचे चारी मुकुट सोनेरी करावेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पोस्टकार्डावर तसेच आहेत ना! आजोबा म्हणतात, मुळात मुकुटही लालच असायचे, सोनेरी हे सगळं नंतरचं. बरोबर आहे त्यांचं, पण मला सोनेरी बघवतात.

तीन बाजूंच्या मिळून बहात्तर काचा. प्रत्येकीच्या कडेने चिकटपट्टी लावायची, मग पट्ट्या रंगवायच्या. माझ्याकडे दाराची बाजू आली आहे. पहिला हात झाला. दुसरा शनिवारी, पाऊस नसेल तर.