दुसरे पाणी

छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी दोन रीतींनी मिळत आले आहे. आजचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण खाली आणि शहर वर असल्यामुळे ते फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे आणि तेथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर पंपांनी चढवावे लागते, वीज गेली की पुरवठा अडतो, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घरोघरच्या कामांची आखणी ठरते. जुने पाणी असे चढवावे लागत नसे. खडकी या गावी १६१० मध्ये शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांत जिरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर वस्तीत आणले, वाटेत साफसफाईसाठी उच्छ्वास ठेवले आणि दाब सांभाळण्यासाठी ठिकठिकाणी ‘बंबे’ म्हणजे पोकळ जलस्तंभ उभारले, हीच नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकात अशाच एका नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्कीचे जाते फिरू लागले. या व्यवस्थेला इंजिन नव्हते, पण तिला कष्ट लागत नव्हते असा त्याचा अर्थ नाही, कारण गाळ काढणारे हात थांबले आणि उच्छ्वासांवर बांधकामे चढली तेव्हा कोणतेही यंत्र न बिघडता ती बंद पडत गेली.

माणसाच्या शरीरातही असेच दुसरे पाणी आहे. पहिले पाणी रक्ताचे. त्याला हृदयाचा पंप आहे, नाडीचा ठोका आहे, दाब मोजणारे यंत्र आहे आणि आजार झाला तर त्याच्या नावाचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. परंतु रक्त जेव्हा केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांतून जाते, तेव्हा त्यातील द्रवाचा काही भाग सतत बाहेर पाझरून पेशींच्या मधल्या जागेत उतरतो, पेशींना पोषण देतो, आणि त्यातला जो भाग थेट रक्तात परत शिरत नाही, तो, विशेषतः त्याच्याबरोबर आलेली प्रथिने, गोळा करून आणण्यासाठी वाहिन्यांचे वेगळे जाळे असते. या द्रवाला लसीका म्हणतात आणि जाळ्याला लसीका संस्था. दिवसाकाठी तीन लिटर किंवा त्याहून अधिक द्रव या वाटेने फिरून बहुतांशी छातीतल्या मुख्य लसीकावाहिनीत येतो आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, मानेच्या पायथ्याशी, पुन्हा रक्तात मिसळतो. ही वाट तुंबली तर द्रव जिथल्या तिथे साचतो आणि सूज दिसू लागते. प्रथिने साचत राहिली तर ती सूज पुढे कठीण होते, बोटाने दाबल्यावरही खळगा पडेनासा होतो.

मलिक अंबर हयात असताना, १६२२ मध्ये, गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्याला नुकतेच खाणे दिलेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या बारीक वाहिन्यांचे जाळे दिसले. तो पांढरेपणा अन्नातील चरबीचा होता, कारण आतड्यात पचलेली बहुतेक चरबी रक्तात थेट न शिरता लसीकेच्या वाटेने जाते. उपाशी प्राण्यात त्याच वाहिन्या जवळजवळ अदृश्य असतात, म्हणूनच त्या इतकी शतके नजरेतून निसटल्या असाव्यात. खडकीच्या जमिनीखाली पाण्याच्या वाटा कोरल्या गेल्या आणि त्याच सुमारास इटलीत शरीरातील वाटा उजेडात आल्या, हा निव्वळ योगायोग आहे. तरी या शहरात बसून लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

लसीकेला हृदय नाही, हे विधान सर्वत्र आढळते आणि ते अर्धेच खरे आहे. तिच्या मोठ्या वाहिन्यांच्या भिंतींत स्नायू असतात, ते मिनिटाला काही वेळा आपोआप आकुंचन पावतात, आणि आतील झडपा द्रवाला मागे सरकू देत नाहीत. मात्र हा स्वतःचा जोर मर्यादित असतो. पायाच्या बोटांपासून छातीपर्यंतचा चढ चढण्यासाठी त्याला बाहेरची मदत लागते, आणि ती मदत शरीराच्या नित्याच्या हालचालींतूनच येते: चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व सैल होतात, शेजारची धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, आणि खोल श्वास घेताना छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली उतरून पोटात दाब वाढवतो व छातीत कमी करतो, त्यामुळे द्रव वर ओढला जातो. नहरीला उतार मिळाला होता. लसीकेचा उतार माणसाला दिवसभर आपल्या पायांनी तयार करावा लागतो.

म्हणूनच गोगाबाबा टेकडीवर पहाटे चढणारी मंडळी आणि विद्यापीठाच्या परिसरात फिरणारी ज्येष्ठांची टोळकी, साखर किंवा वजन कमी करण्याच्या हेतूने का होईना, या दुसऱ्या पाण्याचीही सोय करत असतात. अडचण त्यांची नसते. अडचण असते ती वाळूजच्या कारखान्यात यंत्रापुढे आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराची, गुलमंडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्या दाखवण्यासाठी दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या विक्रेत्याची, आणि रात्रभर खुर्चीवर बसणाऱ्या पहारेकऱ्याची. कारण स्थिर उभे राहणे आणि स्थिर बसणे या दोन्हींत पोटरीचे आवळणे-सैल होणे जवळजवळ थांबलेले असते. पैठणच्या खड्ड्याच्या मागावर बसणारा विणकर निदान पायांनी पट्ट्या दाबत असतो. इतरांसाठी उपाय साधा आहे: तासाभराने चार पावले टाकणे, जागेवरच टाचा उचलून खाली टेकवणे, घोटे फिरवणे, घरी आल्यावर पाय थोडे उंचावर ठेवणे, आणि वजन आटोक्यात राखणे, कारण फार वाढलेल्या वजनाने लसीकावाहिन्यांचे काम मंदावते.

या साधेपणाचाच बाजाराला राग येत असावा. लसीका ‘स्वच्छ’ करणारे काढे, कोरड्या ब्रशने अंग घासण्याच्या पद्धती, पायांना चिकटवायच्या पट्ट्या आणि विषद्रव्ये बाहेर काढण्याचे वचन देणारी आठवड्याची पॅकेजे समाजमाध्यमांवरून आता मराठवाड्यातही पोहोचली आहेत, पण निरोगी माणसाची लसीका तुंबलेली नसते आणि ती वरून धुऊन काढण्याची गरजही नसते. प्रशिक्षित तज्ज्ञाने हलक्या हाताने केलेले मर्दन ही खरी उपचारपद्धती आहे, मात्र ती सुजेच्या रुग्णांसाठी, पट्टीबंधन, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीने केली जाते. शिवाय प्रत्येक सूज लसीकेची नसते, हे सांगणे अधिक निकडीचे आहे: दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांची तपासणी हवी, आणि एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते, तेव्हा ती चोळणे धोक्याचे आहे.

लसीकेच्या वाटेवर मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात काहीशे ग्रंथी असतात, ज्यांत पांढऱ्या पेशी वाहून आलेल्या जंतूंना अडवतात. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत येणारे अवधाण हे याच अडवणुकीचे चिन्ह, आणि ते जखम बरी होताच बहुधा उतरते. त्याउलट मानेत एकामागून एक उठणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी, ज्यांना गंडमाळा म्हणतात, त्यांच्यामागे आपल्याकडे अनेकदा क्षयरोग असतो. त्यावर लेप लावत बसण्यात महिने जातात, वास्तविक क्षयाचे निदान व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

महाराष्ट्रात लसीकेच्या आजाराचा सर्वांत मोठा इतिहास मात्र हत्तीरोगाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर हा त्याचा जुना पट्टा, आणि मराठवाड्यात नांदेडकडेही तो आढळतो. क्यूलेक्स डासाच्या चाव्यातून आलेले सुताएवढे कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहून त्या फुगवतात व निकामी करतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले रक्तात रात्री उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्रीच घरोघर फिरतात. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटले असून जुने साचलेले पाणी जेथे भरपूर असते अशा प्रदेशांशी त्याचा संबंध जोडला आहे. डासाचा पत्ता नसतानाही ते निरीक्षण अचूक ठरले, कारण क्यूलेक्स गटारांत आणि सांडपाण्याच्या डबक्यांत वाढतो. (नळाला पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपांत वाढणारा डास वेगळा, तो डेंग्यूचा.) वर्षातून एकदा घरी येणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळणे ही या रोगाविरुद्धची मुख्य सवय, ‘मला काही झालेले नाही’ म्हणून त्या उशाखाली ठेवणे हाच मोहिमेपुढचा मोठा अडथळा आहे, कारण रक्तात पिल्ले बाळगणारा माणूस अनेकदा धडधाकट दिसतो.

सूज एकदा पक्की झाली की गोळ्यांनी ती उतरत नाही. मग उपयोगी पडतात ती बादली, मग, साबण आणि कोरडे फडके: पाय रोज धुणे, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करणे, नखे जपून कापणे, अनवाणी न चालणे, पाय उंचावून झोपणे. बेचक्यांतल्या चिरांतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो, आणि अशा प्रत्येक झटक्यागणिक सूज वाढते; नेमाने पाय धुणाऱ्यांचे झटके कमी होतात.

तीच शिस्त, वेगळ्या अवयवासाठी, शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या अनेक स्त्रियांना लागते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्या किंवा त्यांवर किरणोपचार झाले की त्या बाजूच्या हाताची वाट अरुंद होते आणि काही जणींचा हात महिन्यांनी, कधी वर्षांनी सुजतो. अशा हाताने काहीच उचलू नये, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. अमेरिकेत १४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा कणीक तिंबणे, भाकरी थापणे, हंडा उचलणे ही कामे कायमची सोडायची नसून वैद्यकीय सल्ल्याने टप्प्याटप्प्याने परत घ्यायची असतात. कापसाच्या वेचणीत मात्र वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडतात, म्हणून त्या हातात मोजा घालणे, ओरखडा दिसताच साबणाने धुणे, आणि हात गरम होऊन ताप चढला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठणे, एवढे पाळले तर ती स्त्री वेचणीला पुन्हा उभी राहू शकते.