अर्धाच पाहिलेला सिनेमा

"तुला सिनेमातलं काय कळतं?" असं आमचे हे नेहमी म्हणतात. खरंच आहे बाई! मी काही समीक्षक नव्हे. पण १९८५ साली आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला, तेव्हापासून मी बघतेच आहे. बघते म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात लाटणं घेऊन. गोष्ट रंगात येणं आणि कुकरची शिट्टी होणं यांचं काय साटंलोटं असतं कोण जाणे! निम्मेअधिक कार्यक्रम मी नुसते ऐकलेत. तुमचंही असंच होतं ना?

त्या दारातून बघता बघता मला एक खोड लागली. नायिका दिसते कशी, यापेक्षा तिच्या घरचा ओटा कोण पुसतं, हे मी आधी बघते. या परीक्षेत फार थोडे पास होतात.

'रजनी' माझी लाडकी. प्रिया तेंडुलकर कशी ठणकावून बोलायची! तिचं बघून मीसुद्धा एकदा वाण्याला वजन पुन्हा करायला लावलं होतं. पण दुकानदाराशी भांडणं सोपं हो. घरात "मला हे नको" म्हणायला जीभ रेटत नाही. ते रजनीनं मला नाही शिकवलं.

हल्लीच्या मालिकांत दहा माणसांचं घर, पण खरकट्या भांड्यांचा ढीग कधी दिसत नाही. भरजरी साड्या नेसून पोळ्या लाटतात आणि कणीक कुठे चिकटत नाही! 'आई कुठे काय करते' २०१९ साली सुरू झाली, तेव्हा नावानंच काळजाला हात घातला. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती सुरुवातीला अगदी आपल्या शेजारची वाटायची. पण पाच वर्षं चालवायची म्हणजे आमटीत पाणी घालावंच लागतं. अरुंधती घराबाहेर पडली तरी गोष्ट तिला पुन्हा पुन्हा त्याच दारात आणून उभी करायची.

त्यामानानं २०१२ सालचा 'इंग्लिश विंग्लिश' किती नेटका! श्रीदेवीची शशी लाडू करते, ते लोक चवीनं खातात, पण घरच्यांच्या लेखी ते काम नव्हेच. मला तिचं इंग्रजी शिकणं आवडलं, पण मुलीसमोरचा तिचा ओशाळलेला चेहरा जास्त लक्षात राहिला. आपला असा चेहरा आपण आरशात कधी बघत नाही.

आणि २०२१ सालचा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन'. सूनबाईनं तो लावला आणि म्हणाली, "आई, आज उठायचं नाही." भाषा कळत नव्हती, पण सगळं कळलं. चिरणं, वाटणं, वाढणं, ताटाबाहेर टाकलेली शेवग्याची चोथटं उचलणं. सिंकखाली पाणी गळतंय आणि नवरा प्लंबरला सांगायचं रोज विसरतोय. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा. हे मध्येच उठून गेले, म्हणाले, "यात गोष्ट कुठाय?" मी म्हटलं, "हीच तर गोष्ट."

तेव्हा सूनबाईनं विचारलं, "आई, तुम्ही नोकरी का नाही केलीत?"

लग्नाआधी माझं डी.एड. झालं होतं. १९८७ साली शेजारच्या गावच्या शाळेतून बोलावणं आलं. घरात कुणी नको म्हणालं नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, "मग घराचं कसं होणार?" त्याचं उत्तर शोधायचं काम माझ्या एकटीचं, असं सगळ्यांनी धरलं, मीसुद्धा. उत्तर सापडलं नाही. पत्र ट्रंकेत गेलं.

त्याच सुमारास टीव्हीवर 'उंबरठा' लागला होता. जब्बार पटेलांचा, १९८२चा. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी परगावी जाते. सासूबाई म्हणाल्या, "कसली आई ही!" तेवढ्यात पाहुणे आले आणि मी चहा टाकायला उठले. शेवट राहिलाच. मनात मीही सासूबाईंच्याच बाजूची होते, हे आज कबूल करते.

गेल्या महिन्यात सूनबाईला बढती मिळाली, पण वर्षभर नागपूरला जावं लागणार. नातू सात वर्षांचा. जेवताना तिनं सांगितलं आणि सगळे गप्प. माझ्या ओठांवर नेमकं तेच आलं, "मग घराचं कसं होणार?" घासाबरोबर गिळलं आणि उठून हात धुतले.

त्या रात्री मोबाइलवर 'उंबरठा' लावला आणि शेवटपर्यंत बघितला. सुलभा घरी परतते, तर नवरा दुसरीत गुंतलेला. ती पुन्हा बाहेर पडते. चित्रपट तिला देवी करत नाही, की शिक्षाही देत नाही. मुलीचा विचार मनातून जात नाही तो नाहीच. मी खूप रडले. सुलभासाठी किती आणि त्या पत्रासाठी किती, ते सांगता यायचं नाही.

सकाळी चहा देताना सूनबाईला म्हटलं, "जा तू. घराचं कसं होणार ते आम्ही तिघं बघू." मुलगा चपापला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरला.

सध्या आमच्याकडे वरण कधी पातळ, कधी करपलेलं असतं. हे कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलेत, पण तिसरीनंतर गॅस बंद करायचा विसरतात. मी हॉलमधूनच ओरडते आणि जागची हलत नाही.

मैत्रिणींनो, आज रात्री एवढंच बघा, तुमच्या घरी टीव्हीसमोर शेवटपर्यंत कोण बसतं, आणि मधून उठतं कोण.