टोळधाड आणि गनमास्टर जी-नाइन

देवास म्हटलं की आपल्या मंडळातल्या सगळ्यांना कुमार गंधर्व आठवतात. मला टोळ आठवतात, आणि टोळांच्या मागोमाग मिथुन चक्रवर्ती. याला कारण 'वारदात' नावाचा सिनेमा.

'वारदात' 1981चा. दिग्दर्शक रविकांत नगाइच. यांनीच 1967मध्ये 'फर्ज'मधून जितेंद्रला एजंट 116 केलं आणि 1979च्या 'सुरक्षा'त मिथुनला गनमास्टर जी-नाइन. 'वारदात' हा त्याचा पुढचा भाग. स्वस्तातला जेम्स बाँड, वरून ब्रूस लीची फोडणी, आणि संगीत बप्पी लाहिरींचं. कल्पना मात्र भन्नाट : उभ्या पिकांवर टोळधाड येते, आणि ती आपोआप आलेली नसते, कुणीतरी मुद्दाम सोडलेली असते. गनमास्टरने त्याचा छडा लावायचा.

या सिनेमाची शिफारस केली आमच्या घरमालक काकांनी. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं देवासला होतो. काका मूळचे धारचे. धार आणि देवास, दोन्ही पवारांची संस्थानं. त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत आणि त्यांच्या मराठीला माळव्याचं वारं लागलेलं आहे. काकांनी तरुणपणी हा सिनेमा धारला पाहिलेला. "काय फाइट होती बेटा! मिथुन उडून राहिला, गुंडे पडून राहिले!" हे सांगताना साठीचे काका खुर्चीतून अर्धे उठायचे.

मग मे 2020 आला. लॉकडाउन होताच, त्यात राजस्थानातून नीमच-मंदसौरमार्गे टोळ माळव्यात शिरले आणि देवास जिल्ह्यातही आले. काकांचं थोडं शेत होतं, त्यात उन्हाळी मूग उभा. आम्ही सगळे थाळ्या घेऊन गेलो. आकाश आधी मळकट झालं, मग हलायला लागलं. वाळक्या पाल्यावर पाऊस पडावा तसा आवाज. कुणी डबे बडवतंय, कुणी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरलाय. एरवी अखंड बोलणारे काका एक शब्द न बोलता थाळी वाजवत होते. मुगाचा एक कोपरा गेला, बाकीचा वाचला. धाड पुढे सरकल्यावर सगळे हुश्श करत बसले. काका म्हणाले, "आपल्या शेतातून गेली म्हणजे पुढच्याच्या शेतात गेली न."

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही माझ्या फोनवर 'वारदात' लावला. आवडता सिनेमा दाखवायचा म्हणून काका खुशीत होते. खरं सांगू? सिनेमा फुसका निघाला. पैसे कमी होते याबद्दल माझी तक्रार नाही. पुठ्ठ्याचा अड्डा चालतो, हवेतच फिरलेली लाथ चालते, त्यात एक मजाही असते. पण टोळ फक्त निमित्ताला येतात. मग कराटे, गाणी, हेर, खलनायक, पुन्हा कराटे. मध्येच काकांनी विचारलं, "अरे, पण त्या शेताचं काय झालं?" याचं उत्तर दिग्दर्शकाकडे नव्हतं. आणि हाच मिथुन! 1976मध्ये मृणाल सेनांच्या 'मृगया'त त्याने आदिवासी शिकारी रंगवला, पहिल्याच सिनेमात राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे मातीतला माणूस त्याला उभा करता येत होता. इथे कुणी मागितलाच नाही.

टोळ कुणीतरी पाठवतं, ही समजूत फार जुनी. 'निर्गम'मध्ये इजिप्तवर आलेली आठवी पीडा टोळांचीच. पण तिथेसुद्धा टोळ वारा आणतो आणि वाराच घेऊन जातो. शास्त्रही तेच सांगतं : वाळवंटी टोळांचा थवा वाऱ्याबरोबर दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जातो. एक चौरस किलोमीटरचा थवा एका दिवसात सुमारे 35,000 माणसांचं अन्न फस्त करतो. याला कराटे काय करणार? दिवसभर उडून थवा रात्री झाडांवर, पिकांवर उतरतो, म्हणून फवारणी रात्री आणि पहाटे करतात. त्यासाठी तो कुठे उतरला हे आधी कळावं लागतं. म्हणजे खबर लागते. म्हणजे हेर लागतातच!

हे हेर खरे आहेत. राजस्थानच्या सीमेवर, मुनाबाव आणि खोखरापारला, भारत आणि पाकिस्तानचे टोळ-नियंत्रण अधिकारी वर्षानुवर्षं भेटत आलेले आहेत. कुठे अंडी दिसली, कुठे पिल्लं, थवा कुठल्या दिशेला निघाला, हे एकमेकांना सांगतात. सिनेमातला गुप्तहेर शत्रूचं गुपित चोरतो. इथे गुपित स्वतःहून सांगावं लागतं, कारण न सांगता हाकललेली धाड शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि वारा फिरला की आपल्याकडे परत येते.

यावर कुणी सिनेमा काढला तर खर्च 'वारदात'पेक्षाही कमी येईल. एक टेबल, एक नकाशा, चहाचे चार कप, आणि खिडकीबाहेर वाऱ्याची दिशा बघणारी दोन देशांची माणसं.