चला, लॅमिंग्टन रोडला!

दोस्तांनो, मुंबईत पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरा, पूर्वेच्या बाजूने बाहेर पडा आणि थोडं चाला. आडवा रस्ता लागेल, तोच लॅमिंग्टन रोड. पाटीवर मात्र नाव दिसेल डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याचं नाव बदललं, पण जुनं नाव काही लोकांच्या तोंडून गेलं नाही. आजोबांना विचारलंत तर ते म्हणतील, "अरे, मिनर्व्हा टॉकीज तिथंच होतं! १९७५ साली आलेला 'शोले' तिथं पाच वर्षं चालला."

आज इथं येणाऱ्यांना हवे असतात कॉम्प्युटरचे सुटे भाग. चिंचोळी दुकानं, छतापर्यंत रचलेली खोकी आणि काउंटरपाशी हातात यादी घेतलेली तुमच्याएवढी मुलं. शेजारी बाबा उभे असतात, चेहऱ्यावर एकच प्रश्न : "एवढंसं कार्ड, आणि एवढे पैसे?" (पुणेकरांनो, तुमच्याकडे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच!)

प्रश्न अगदी रास्त आहे, बरं का! गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग असतो तो ग्राफिक्स कार्डच. तेव्हा दुकानात शिरण्याआधी हे कार्ड करतं तरी काय, ते पाहू.

तुमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत असं धरा. गुणाकार करा : २० लाख ७३ हजार ६००! गेम चालू असताना ही ठिपक्यांची रांगोळी सेकंदाला ६० वेळा पुसून नव्याने काढायची, म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो म्हणजे चार-आठ निष्णात कलाकार. ग्राफिक्स कार्डात मात्र साधी कामं करणारे हजारो हात असतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात असे ३०७२ हात आहेत. प्रत्येकाने आपापले ठिपके भरायचे, की रांगोळी तयार!

आता मधल्या किमतीची तीन कार्डं घेऊ. आरटीएक्स ३०६० आलं २०२१ मध्ये, तेव्हा अमेरिकेत त्याची जाहीर किंमत होती ३२९ डॉलर. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० आलं २९९ डॉलरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० आलं २४९ डॉलरला.

नवं ते चांगलं, असं वाटतं ना? थांबा. ४०६० हे ३०६० पेक्षा साधारण १५ ते २० टक्के वेगवान आहे. पण ३०६० मध्ये मेमरी आहे १२ जीबी आणि ४०६० मध्ये फक्त ८. मेमरी म्हणजे रांगोळी काढणाऱ्याच्या हाताशी ठेवलेल्या रंगाच्या वाट्या. वाट्या कमी पडल्या, की रंग आणायला घरात पळावं लागतं आणि गेम अडखळतो. काही नव्या गेमना ८ जीबी अपुरी पडते.

वीज मात्र ४०६० कमी खातं. कमाल वापर ११५ वॉट, तर ३०६० चा १७० वॉट. रोज तीन तास खेळलात तर वर्षाला जवळपास ६० युनिटचा फरक पडतो. विजेच्या बिलावरचा दर पाहून रुपये तुम्हीच काढा!

बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि वेगही चांगला. पण जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग बराच घटतो. म्हणजे मित्राकडे सुसाट चालणारं कार्ड तुमच्याकडे रांगू शकतं.

मग निवडायचं कसं? सोपा भागाकार आहे. समजा, एक कार्ड २४ हजारांचं आहे आणि तुमच्या आवडत्या गेममध्ये सेकंदाला ८० चित्रं काढतं : एका चित्रामागे ३०० रुपये. दुसरं ३३ हजारांचं, १०० चित्रं काढतं : ३३० रुपये. दुसरं वेगवान, पण पहिलं किफायतशीर. आणि तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवू शकतो. मग वरच्या चित्रांचे पैसे कशाला मोजायचे? उरलेल्या ९ हजारांत घरातलं दुसरं एखादं काम होईल.

जुन्या कार्डाचा मोहही पडेल. इथं जरा सावध! अनेक कार्डं इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवली गेली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ढिगाने कार्डं जुन्या बाजारात आली. वरून पुसलेलं कार्ड नव्यासारखंच दिसतं, पण आतला पंखा झिजलेला असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. पंखा घरघरतो का, पडद्यावर रंगीत चट्टे येतात का, ते पाहा. तो नाही म्हणाला, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

नवं घेताना "बिल नको, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं, तर भुलू नका. बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचे पैसे वाचतील, पण कार्ड बिघडलं की वॉरंटीसाठी दाखवायला हातात काहीच नसेल. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, हे काउंटरवरच ताडून पाहा.

निघताना एक चिठ्ठी खिशात ठेवा : मॉनिटर किती हर्ट्झचा, प्रोसेसर कोणता, पॉवर सप्लाय किती वॉटचा, कॅबिनेटमध्ये जागा किती आणि घरात ठरलेली रक्कम किती. भाव चार दुकानांत विचारा आणि भागाकार बाबांसमोर करून दाखवा. त्यांच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आणि हो, रविवारी जाऊ नका. बहुतेक दुकानं बंद असतात!