सातवीतली 'छोटी'

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्या चाळीसगावच्या शाळेत मुलांची उंची आणि वजन घेतात. भिंतीवर पट्टी रंगवलेली आहे. मूल पाठ टेकून उभे राहते, आम्ही आकडा मोठ्याने सांगतो, दुसरे शिक्षक वहीत लिहितात. दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी नेमकी त्या दिवशी आली नाही. आदल्या वर्षीही त्याच दिवशी तिचे पोट दुखले होते आणि तिची उंची नंतर घ्यावी लागली होती.

तिला आम्ही सगळेच 'छोटी' म्हणायचो, लाडानेच. प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे ती, स्नेहसंमेलनात बाहुली ती. फळ्यावर लिहायचे असले की एखादी दांडगी मुलगी तिला उचलून खुर्चीवर उभी करी. वर्ग हसे. खरे सांगायचे तर आम्हीही हसत असू.

घरी चौकशीला गेलो तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिच्या अम्मीने हळूच सांगितले, की रमजानमध्ये नऊ वर्षांच्या धाकट्या भावाची रोजाकुशाई झाली. नवे कपडे, गळ्यात हार, पाहुणे. हिनेही रोजा मागितला, तर दादी म्हणाली, "बेटी, तू अभी छोटी है." सेहरीला तिला कोणी उठवले नाही. तिला तेव्हा बारावे वर्ष लागले होते.

परत येऊन आम्ही जुन्या वह्या काढल्या. चौथीत 116 सेंमी, पाचवीत 119, सहावीत 121. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल दरवर्षी साधारण 5 ते 6 सेंमी वाढते, हे आम्ही बी.एड.ला वाचले होते. आकडे आम्हीच लिहिलेले, पण तीन वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी 5 ते 18 वर्षांच्या मुलांचे सुधारित वाढतक्ते 2015 मध्ये तयार केले. तसा तक्ता आमच्या शाळेच्या कपाटात असता, तर ही गोष्ट चौथी-पाचवीतच कळली असती.

बुटके मूल म्हणजे आजारी मूल असे नाही. आईवडीलच ठेंगणे असतात, काही मुले उशिरा वयात येतात, कधी थायरॉइड किंवा पोषणाचे कारण असते. म्हणून तपासणी लागते. हिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले, औषध देऊन पुन्हा पुन्हा रक्त घेतले, मेंदूचा एमआरआय झाला. पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक कमी पडत होते. उपाय म्हणजे रोज रात्री कातडीखाली एक इंजेक्शन, आणि तेही हाडांची वाढणारी टोके बंद होण्याआधी. खर्च ऐकून वडील बराच वेळ बोलले नाहीत. अम्मीची काळजी वेगळीच होती, "टीचर, कोणाला सांगू नका, उद्या रिश्ता यायचा आहे." इंजेक्शनची पेटी फ्रिजमध्ये भाजीमागे लपवलेली असे. मुलीलाही कळले, की आपल्यात लपवण्यासारखे काही आहे.

आम्ही तिला मेस्सीचे उदाहरण दिले. त्यालाही लहानपणी हीच कमतरता होती, तेराव्या वर्षी तो बार्सिलोनाला गेला आणि क्लबने उपचाराचा खर्च उचलला. ती शांतपणे म्हणाली, "मला फुटबॉल नाही खेळायचा. मला फक्त सातवीतली दिसायचंय."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आठवले ते हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.). ते ठेंगणे होते, पाय काडीसारखे. मिसवाकसाठी झाडावर चढले, वाऱ्याने पाय उघडे पडले आणि सोबतचे लोक हसले. प्रेषितांनी (स.) विचारले, का हसता? आणि सांगितले, की हेच पाय तराजूत उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा सांगितला असेल. हसणाऱ्यांमध्ये आपणही आहोत, हे मात्र कधी जाणवले नव्हते. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत टोपणनावे ठेवण्याची मनाई आहे. लाडाची नावे त्यात येतात की नाही, हे आलिम सांगतील. आम्ही 'छोटी' म्हणणे बंद केले.

आता उंची ऑफिसात, एकेकाला बोलावून घेतो आणि आकडा मोठ्याने सांगत नाही. तिच्या बाकाखाली पाय टेकायला फळी ठोकली. सातवीची मॉनिटर तिला केले, तेव्हा दोन मुले कुजबुजली. महिनाभरात तीच मुले वह्या घेऊन तिच्यापुढे रांगेत उभी राहू लागली. घरी दादीला समजावणे जास्त कठीण गेले. रोजाबद्दल अम्मीने डॉक्टरांना विचारले, कारण अशा काही मुलांची साखर उपाशीपोटी उतरू शकते. हिला परवानगी मिळाली. पुढच्या रमजानमध्ये तिचीही रोजाकुशाई झाली, भावापेक्षा मोठी.

पहिल्या वर्षात ती 8 सेंमी वाढली. तरी वर्गात अजून सर्वांत ठेंगणी तीच आहे, आणि काही रात्री सुई नको म्हणून रडते. परवा रात्री अम्मीचा फोन आला, तुम्हीच सांगा हिला. फोन तिने घेतला. आम्ही सुईचा विषय काढला नाही. आठवीच्या मराठी शुद्धलेखनाच्या वह्या उद्या कोणाकोणाकडून गोळा करायच्या राहिल्यात, तेवढे विचारले. तिने सात नावे सांगितली.